लग्न झालेलं नाही, मुलगी पावणेतीन वर्षांची आहे आणि वेगळं व्हायचंय

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते. माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही दोघं सहा वर्षं जुळे सोलापुरात भाड्याच्या घरात एकत्र राहताय. जात आडवी आली, दोन्ही घरांनी पाठ फिरवली, आणि ‘घरचे निवळले की करू’ म्हणता म्हणता लग्न राहून गेलं. मारहाण नाही, दारू नाही, पण दोघांत आता काही उरलेलं नाही. तुम्हाला पुण्यात नोकरी लागलीय, जूनमध्ये रुजू व्हायचंय. तो म्हणतो, ‘लग्नच नाही तर पोटगी कसली? आणि मुलगी माझी आहे, ती इथंच राहणार.’ तुम्ही विचारताय की त्याला न सांगता मुलीला घेऊन पुण्याला गेलात तर तो काय करू शकतो.

मी सोलापुरात बावीस वर्षं कौटुंबिक प्रकरणं चालवतेय, आणि हा प्रश्न गेल्या सात-आठ वर्षांत माझ्याकडे वरचेवर येतो. कायद्याचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. तरीही मी तुम्हाला तसं जाऊ नका असंच सांगणार आहे. का, ते नीट ऐका.

आधी कायदा. त्याच्या त्या एका वाक्यात दोन दावे आहेत आणि दोन्ही उलटे आहेत. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ च्या कलम ६ प्रमाणे लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई असते, आणि तिच्यानंतर वडील. हा कायदा बौद्ध, जैन, शीख आणि लिंगायतांनाही लागू आहे, त्यामुळे सोलापुरातली बरीचशी घरं त्यात येतात. कायद्यात अशा मुलांसाठी ‘अनौरस’ हा शब्द आहे. कोर्टाच्या कागदावर तो तुमच्या लेकीसाठी वाचाल तेव्हा पोटात कालवेल. माझ्या प्रत्येक अशिलाचं तेच होतं. तो शब्द मनाला लावून घेऊ नका, त्याच कलमाने तुमचा हात वर ठेवलाय. तुम्ही मुस्लिम किंवा ख्रिश्चन असाल तर हा कायदा लागू नाही, तिथे त्या-त्या धर्माचा व्यक्तिगत कायदा आणि पालक व पाल्य अधिनियम १८९० बघावा लागतो. तिथेही २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिश्चन अविवाहित आईला, वडिलांचं नाव न सांगता आणि त्यांना नोटीस न देता, पालकत्वाचा अर्ज करायला मुभा दिली होती.

पोटगीचं म्हणाल तर लग्न झालं नाही म्हणून मुलीचा हक्क जात नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. औरस असो की अनौरस, स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या मुलाला ऐपत असलेल्या बापाने पोसलंच पाहिजे, असं ते कलम सांगतं. हा हक्क मुलीचा आहे, तुमचा नाही. म्हणूनच तुम्ही रागाच्या भरात ‘मला तुझा एक रुपया नको’ असं लिहून दिलंत तरी तो संपत नाही.

आता पळवून नेण्याबद्दल. तुम्ही नैसर्गिक पालक असल्यामुळे मुलीला घेऊन गेलात तर अपहरणाचा गुन्हा होत नाही. पण एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. भारतीय न्याय संहितेतल्या अपहरणाच्या कलमाला अपवाद आहे: अनौरस मुलाचा बाप आपणच आहोत असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याने, वाईट हेतू नसताना मुलाला नेलं, तर तोही त्या गुन्ह्यात बसत नाही. म्हणजे उद्या त्याने मुलीला बालवाडीतून उचलून आपल्या आईकडे नेलं आणि तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात, तर ‘मॅडम, हे घरगुती आहे, कोर्टात जा’ हेच ऐकाल. दार दोघांनाही तितकंच उघडं आहे. पहिलं पाऊल रात्रीतून टाकणारा समोरच्यालाही तीच वाट दाखवतो.

खूप वर्षांपूर्वीची माझी एक अशील अशीच पहाटेच्या एसटीने निघाली. मुलगा दीड वर्षाचा. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, ती थकली होती. पण घाईत तिच्याकडून एक फाईल मागे राहिली. दवाखान्याचे केस पेपर, ज्यावर ‘नातेवाईक’ म्हणून त्याची सही होती, घराचा भाडेकरार, लसीकरणाचं कार्ड, सगळं त्यात होतं. तो दुखावला, आणि दुखावलेला माणूस वकिलाकडे जाऊन काय बोलेल याचा नेम नसतो. पोटगीच्या अर्जावर त्याचं उत्तर आलं: मुलगा माझा नाही. वर्षभर तारखा पडल्या. शेवटी कोर्टाच्या आवारात बाप-लेकाची भेट ठरली, तेव्हा पोराने त्याला ‘काका’ म्हटलं. निकाल तिच्या बाजूने लागला. पण त्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर बसून जे रडली, ते मी विसरलेले नाही.

ताई, तुमचा खरा प्रश्न ‘जाऊ शकते का’ हा नाहीच. तुम्ही जाऊ शकता. लग्न नव्हतं म्हणून मोडायलाही काही नाही, घटस्फोट नको, सहा महिन्यांची वाट नको. पण लग्नाच्या कागदाने जे काम आपोआप केलं असतं ते तुमच्या मुलीसाठी कोणीच केलेलं नाही, आणि ते आता, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलताय तोवर करून घ्यायचंय. लग्नात जन्मलेल्या मुलाचा बाप कोण, हे कायदा गृहीत धरून चालतो. साक्ष्य अधिनियमाचं जुनं कलम ११२, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ११६. तुमच्या मुलीला ते कवच नाही. तिचं पितृत्व कागदानेच उभं राहणार. आज तो ‘मुलगी माझी आहे’ असं ठणकावून सांगतोय, तेच त्याच्याकडून लिहून घ्यायची हीच वेळ आहे. डीएनए चाचणीवर विसंबू नका. कोर्ट ती मागताक्षणी देत नाही, आणि दिली तरी तिथवर पोचायला वेळ जातो.

दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत आणि पुढचं बरंचसं त्यांवर अवलंबून आहे. पहिली, जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आहे का? असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून दोन-तीन प्रती आजच काढून ठेवा. नसेल तर दोघांनी मिळून प्रतिज्ञापत्रासह अर्ज द्यायचा. एकटीने नंतर हे करायला गेलात तर कोर्टाची पायरी चढावी लागेल. दुसरी गोष्ट, तो आधी विवाहित होता का? कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात ‘विवाहसदृश संबंधां’तल्या स्त्रीलाही संरक्षण आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या अटी सांगितल्या: दोघं लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला मोकळे हवेत, समाजात नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत, आणि बराच काळ एका घरात स्वेच्छेने राहिलेले हवेत. २०१३ च्या निकालात, पुरुष विवाहित आहे हे माहीत असून राहिलेल्या स्त्रीला या व्याख्येबाहेर ठेवलं गेलं. तुम्ही दोघंही अविवाहित असाल तर सहा वर्षं आणि एक मूल ही भक्कम बाजू आहे. तो विवाहित असेल तर तुमची स्वतःची बाजू लंगडी पडते, मुलीच्या पोटगीला मात्र धक्का लागत नाही.

कुठल्या गावच्या कोर्टात जायचं, हे पुण्याला जाण्याआधी समजून घ्या, कारण तिन्ही दारं वेगवेगळ्या ठिकाणी उघडतात. मुलीच्या पोटगीचा अर्ज तो राहतो तिथे, किंवा तुम्ही दोघं शेवटचे एकत्र राहिलात तिथे, म्हणजे सोलापुरात. ताब्याचा आणि भेटीचा अर्ज मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथे. मूल कालच पुण्याला गेलं म्हणून ते आज पुण्याचं होत नाही. तुम्ही गेल्यावर आठवडाभरात त्याने सोलापूरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज टाकला तर दर तारखेला अडीचशे किलोमीटर तुम्हालाच यावं लागेल, नव्या नोकरीतून रजा काढून. हिंसाचाराच्या कायद्याखालचा अर्ज मात्र तुम्ही तात्पुरत्या राहत असाल तिथेही चालतो. त्यात मारहाणच हवी असं नाही, खर्चाला पैसे अडवून कोंडी करणं हीसुद्धा त्या कायद्यात आर्थिक हिंसा आहे. आणि उच्च न्यायालयापर्यंत गोष्ट गेलीच तर सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालंय. मुंबईच्या चकरा तेवढ्या वाचल्या.

हे सगळं टाळायचा रस्ता आहे, आणि तुमच्यासारख्या, भांडण असूनही बोलणं चालू असलेल्या जोडप्यांना मी तोच सुचवते. आधी दोघांनी बसून ठरवायचं, मग ते कागदावर आणायचं, मग तो कागद कोर्टातून पक्का करायचा. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली की काम झालं, असा पुष्कळांचा समज आहे. तसा करारनामा पितृत्वाचा पुरावा म्हणून फार मोलाचा, पण कोर्टाचा आदेश तो नव्हे. समोरच्याने मोडला तर हाती वसुलीचं साधन नसतं, आणि मुलाच्या हिताविरुद्ध काही लिहिलं असेल तर कोर्ट ते बाजूला ठेवतं. त्यापेक्षा जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून जा. दावा न टाकताही तिथे तडजोड होते, आणि लोक अदालतीत नोंदवलेल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते. किंवा दोघांनी मिळून कौटुंबिक न्यायालयात अर्ज करून तडजोड पुरसीस, म्हणजे काय ठरलं त्याचं दोघांच्या सहीचं लेखी निवेदन, द्या. तिथले समुपदेशक तुमच्याशी वेगवेगळं बोलतील, घाबरू नका, त्या बोलण्याचा उपयोगच होतो. स्त्रियांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. माझ्या पेशातली असून सांगते, पैशांची ओढाताण असेल तर तिथेच जा.

त्या कागदात काय असावं? तो मुलीचा बाप आहे, हे स्पष्ट वाक्य सर्वांत वर. मुलगी तुमच्याकडे, पुण्यात राहील. दरमहा किती, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, आणि दरवर्षी किती वाढ. शाळा आणि दवाखान्याचा मोठा खर्च कसा वाटायचा. आकडा हवेतून काढू नका. गेल्या तीन महिन्यांचा मुलीचा खरा खर्च वहीत लिहा, त्यात पुण्याच्या पाळणाघराची फी मिळवा. तीच सर्वांत मोठी रक्कम निघेल, कारण इथे शेजारच्या मावशी सांभाळतात, तिथे कोणी नाही. तो गारमेंटच्या युनिटमध्ये आहे आणि निम्मा पगार रोख मिळतो असं तुम्ही म्हणता, तर कोर्टात जायची वेळ आलीच तर त्याच्या गाडीचे हप्ते, यूपीआयचे व्यवहार, घरभाडं यावरून उत्पन्न दाखवता येतं. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते.

पैसा आणि भेट यांची अदलाबदल कधीही करू नका. ‘पैसे दिले तर भेटू देईन’ किंवा ‘भेटू दिलंस तरच पैसे’ असं दोघांपैकी कोणी म्हणालं की मुलगी मधल्या मध्ये तारण म्हणून अडकते. पोटगी थकली तर पोटगीसाठी भांडा, भेट चालू ठेवा.

भेटीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कोर्टातले आदेश इथेच कोरडे पडतात. पावणेतीन वर्षांच्या पोराला महिना म्हणजे काय ते कळत नाही. महिन्यातून एकदा दिवसभर, यापेक्षा पंधरा दिवसांनी थोडा वेळ आणि मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल, हे तिला पेलतं. एक वारी त्याने पुण्याला यावं, पुढची तुम्ही सोलापूरला करावी, म्हणजे प्रवासाचा बोजा एकावर पडत नाही. जागा तिच्या ओळखीची हवी: सध्या तो तिला हुतात्मा बागेत नेत असेल तर सोलापुरात तीच बाग ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी स्टँडवर मुलाची ने-आण ठरवणारी जोडपी मी पाहिलीत. आपल्या उन्हात मूल रडून बेजार होतं आणि मग म्हणतात, ‘बघा, त्याच्याकडे जायचं म्हटलं की रडते.’ संध्याकाळी सहानंतरची वेळ ठेवा. तिच्या रोजच्या अंथरुणातली दुलई किंवा खेळणं सोबत द्या. मुक्कामाची घाई नको. आजीशी तिची गट्टी किती आहे यावर ते ठरेल.

सणवार आधीच वाटून घ्या. माझ्याकडच्या एका जोडप्याचं सगळं जमलं, पैसे ठरले, घर ठरलं, आणि दोन तारखा वाया गेल्या त्या गड्ड्यावरून, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेवरून. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात, त्या दिवशी लेक कोणाच्या खांद्यावर बसून बघणार? बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटलं नाही, कारण दोघंही लहानपणी आपापल्या बापाच्या खांद्यावर बसून तेच बघत आले होते. शेवटी अक्षता सोहळ्याचा दिवस आईकडे आणि दुसऱ्या दिवशीची होमाची संध्याकाळ बापाकडे असं लिहिलं, आणि तडजोडीवर सह्या झाल्या.

बापाशी नातं टिकवा असं मी सांगते त्याचं एक कारण कायद्यातलंच आहे. ‘आई, आणि तिच्यानंतर वडील.’ तुम्हाला काही झालं तर कायदा मुलीसाठी आधी त्याच्याकडेच बघतो. मृत्युपत्राने दुसरा पालक नेमण्याची सोय आहे, पण मुलगी ज्याला ओळखतच नाही अशा बापाच्या दारात ती जाऊ नये, हे आजच तुमच्या हातात आहे.

वारशाचा विषय तुम्ही काढला नाही, मी काढते. लग्नच नसेल तर हिंदू वारसा कायद्यात अशा मुलाला आईकडून वारसा मिळतो, बापाकडून आपोआप मिळत नाही. दीर्घ सहवासावरून विवाह गृहीत धरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय, पण ते सिद्ध करायला मुलीला चुलत्यांशी भांडावं लागेल. त्याला मृत्युपत्र करायला सांगा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. विम्याला नुसतं नॉमिनी केलं की ते पैसे मुलीचेच होतील असं समजू नका, मृत्युपत्रातही लिहा. घरातल्या वस्तू, अनामत रक्कम, तुमचं सोनं हे ज्याने घेतलं त्याचं. पावत्या शोधून ठेवा, त्यावर फार दिवस घालवू नका.

आणखी एक. तुम्हाला कोणीतरी सांगेल, कदाचित सांगितलंही असेल, ‘लग्नाचं आमिष दाखवलं म्हणून गुन्हा दाखल कर, सुतासारखा सरळ येईल.’ न्याय संहितेचं कलम ६९ त्यासाठी आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात लग्न नव्हतंच आणि त्याने तुम्हाला फसवलं, असं खरोखर घडलं असेल तर जरूर जा, मी सोबत येईन. पण तुम्हीच लिहिलंय की दोघांनाही लग्न हवं होतं, घरच्यांमुळे राहिलं. मग पोटगीचा दबाव म्हणून ते कलम वापरू नका. ते टिकणार नाही, आणि तुमच्या मुलीच्या बापाच्या नावावर एक गुन्हा तेवढा कायमचा नोंदला जाईल.

हे सगळं तुम्ही ‘मारहाण नाही’ म्हणालात त्यावर विसंबून लिहिलंय. लिहिताना संकोचाने काही झाकलं असेल, त्याच्या रागाची भीती वाटत असेल, तर वरचा बसून बोलण्याचा सल्ला बाजूला ठेवा. तेव्हा आधी मुलीला घेऊन बाहेर पडायचं, ११२ किंवा १८१ ला फोन करायचा, आणि संरक्षण अधिकाऱ्यामार्फत हिंसाचाराच्या कायद्याखाली अंतरिम आदेश मागायचा. मुलीचा तात्पुरता ताबाही त्यातच मागता येतो. कागदपत्रांचे फोटो मात्र काहीही असलं तरी आजच काढून बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवा.

जूनला अजून वेळ आहे. तुमच्या जागी मी असते तर या आठवड्यात जन्मदाखला आणि दवाखान्याचे कागद जमवले असते, पुढच्या आठवड्यात त्याला शांतपणे सांगितलं असतं की नोकरी पक्की आहे, मुलगी माझ्यासोबत येतेय, आणि तू तिला कधी-कसं भेटणार ते आपण लिहून काढू. तो चिडेल. त्याला दोन-चार दिवस द्या. मी पाहिलंय, ‘मुलगी नेतेय’ ऐकून उसळणारा माणूस ‘तू कधी भेटणार’ या प्रश्नावर बहुधा खाली बसतो. नाहीच बसला तर जाण्याआधी इथेच पालकत्वाचा अर्ज टाकून अंतरिम आदेश मागू. तो हातात असला की तुम्ही दडून गेलात असं कोणी म्हणू शकत नाही.

शेवटी तुम्ही ओझरतं विचारलंय, पुण्याच्या बालवाडीच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात काय लिहू, मोकळा ठेवू का? मोकळा ठेवू नका. जन्मदाखल्यावर जसं नाव आहे, अक्षर न अक्षर तसंच लिहा, कारण आज लिहाल तेच दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत चालत जातं. ‘आई-वडील एकत्र राहतात का’ असं विचारलं तर ‘नाही’ लिहा. मुलीला शाळेतून न्यायला कोण येऊ शकतं, त्या यादीत पहिलं नाव तुमचं लिहा. त्याचं नाव तिथे कधी घालायचं, ते तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या की ठरवा.